अरुगुला, रॉकेट, जर्जीर, तारामिरा: एकाच झणझणीत पाल्याची ओळख, खरेदी, लागवड आणि स्वयंपाक

दुबईच्या भाजीबाजारात त्याला ‘जर्जीर’ म्हणतात. लंडनच्या दुकानात पिशवीवर ‘रॉकेट’ लिहिलेलं असतं, न्यू जर्सीत ‘अरुगुला’, पुण्यातल्या एखाद्या कॅफेच्या मेनूकार्डावर ‘रुकोला’. राजस्थानात हिवाळ्यात कोरडवाहू रानात ‘तारामिरा’ उभा असतो. हा सगळा एकाच वनस्पतीचा पाला आहे. मराठी घरं आता या सगळ्या ठिकाणी पसरली आहेत, त्यामुळे लंडनच्या बहिणीने पाठवलेली कृती नाशिकची बहीण करायला घेते आणि पहिल्याच ओळीत अडते: हे रॉकेट म्हणजे नेमकं काय आणायचं?

ही भाजी विदेशी आणि महागडी असते, फक्त पिझ्झ्यावर शोभते, असा समज आहे. तो मला पटत नाही. जी मोहरी आपण फोडणीत रोज घालतो तिच्याच कुळातली ही वनस्पती आहे आणि भारतात ती पिढ्यान् पिढ्या पेरली जाते. नावं नीट कळली तर बियाणं योग्य मिळतं, आणि बियाणं योग्य असेल तर महिन्याभरात पाला ताटात येतो.

पायरी 1: नावांचा गुंता सोडवा

शास्त्रीय नाव इरुका सटायव्हा. काही पुस्तकांत तिला इरुका व्हेसिकारिया या जातीची उपजात मानलेलं असतं, पण वनस्पती तीच. बियाण्याच्या पाकिटावर ‘इरुका’ हा शब्द दिसला की निर्धास्त घ्या, मग वरचं बाजारू नाव काहीही असो.

इटलीत रुकोला किंवा रुकेटा, जर्मनीतही रुकोला, फ्रान्समध्ये रोकेट, स्पेन-पोर्तुगालकडे रुकुला, तुर्कस्तानात रोका, अरबी भाषिक देशांत जर्जीर (इजिप्तमध्ये त्याचाच उच्चार गर्गीर). ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधलं ‘रॉकेट’ फ्रेंच रोकेटवरून आलं, त्याचा अग्निबाणाशी संबंध नाही. अमेरिकेतलं ‘अरुगुला’ दक्षिण इटलीतून तिकडे गेलेल्या लोकांच्या बोलीतून रुजलं. तिथे हा पाला इतका श्रीमंती खाण्याशी जोडला गेला की 2007 साली निवडणूक प्रचारात बराक ओबामा आयोवातल्या शेतकऱ्यांसमोर अरुगुलाच्या भावाबद्दल बोलले, तर त्यावरून त्यांना उच्चभ्रू म्हणून टोमणे ऐकावे लागले. इजिप्तमध्ये हाच पाला सकाळच्या फूल मेदामेसबरोबर, म्हणजे शिजवलेल्या बाकल्यांबरोबर, कुणीही कच्चा खातं.

आपल्या देशात त्याचं नाव तारामिरा. राजस्थान, हरियाणा, पंजाब या पट्ट्यात रब्बीत, जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो. तिथे तो मुख्यतः बियांच्या तेलासाठी पेरतात. तेल उग्र असतं, लोणच्यात आणि मालिशीला वापरतात. तेलबियांच्या संदर्भात ज्या इरुसिक आम्लाचं नाव ऐकू येतं, ते नावही याच इरुकावरून पडलेलं आहे.

‘वाइल्ड रॉकेट’ किंवा ‘रुकोला सेल्वातिका’ असं लिहिलं असेल तर ती वेगळी वनस्पती आहे: डिप्लोटॅक्सिस टेन्यूइफोलिया. कुळ तेच, पण पानं अरुंद, खोल कातरलेली, चव जास्त तीव्र, फुलं पिवळी. आणि ती बहुवर्षायू आहे, इरुका एका हंगामाची. मोठ्या दुकानांतल्या तयार सॅलडच्या डब्यांत पुष्कळदा हीच असते. इटलीतल्या सालेर्नो प्रांतातल्या ‘रुकोला देला पियाना देल सेले’ला 2020 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच जातीला. स्वयंपाकात दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात, फक्त वाइल्ड थोडी कमी घ्यावी.

आता फसवणारी नावं. वॉटरक्रेस ही वाहत्या पाण्यात वाढणारी वेगळी भाजी आहे. आखातातल्या मेनूंवर जर्जीरचं भाषांतर कधीकधी ‘वॉटरक्रेस’ असं दिसतं, त्यावर जाऊ नका. गार्डन क्रेस म्हणजे आपला हळीव. बाळंतिणीच्या लाडवांमुळे आपल्याला त्याचं बी माहीत आहे, पण त्याचा कोवळा पालाही झोंबरा असतो आणि सॅलडमध्ये खातात. नॅस्टर्शियम हे बागेत लावायचं, गोल पानांचं, केशरी फुलांचं झाड. त्याचीही पानं तिखट लागतात, पण नातं लांबचं. वॉटरक्रेसचं शास्त्रीय नाव नॅस्टर्शियमवरूनच सुरू होतं, त्यामुळे हा घोळ हमखास होतो. डेम्स रॉकेट, सी रॉकेट, यलो रॉकेट, टर्किश रॉकेट या चारही निरनिराळ्या वनस्पती आहेत. ऑनलाइन बियाणं मागवताना नुसतं ‘रॉकेट’ वाचून बटण दाबू नका.

पायरी 2: पान हातात घेऊन ओळखा

पान लांबट असतं. टोकाचा भाग मोठा आणि गोलसर, त्याखाली देठाच्या दोन्ही बाजूंना लहान लहान खाचा. मुळ्याचं कोवळं पान आठवा, पण खरखरीत लव नसलेलं, गुळगुळीत आणि मऊ. अगदी पहिली पानं बिनखाचांची असतात, त्यामुळे रोप लहान असताना ‘हे दुसरंच काहीतरी आलंय’ असं वाटून उपटू नका.

मग पान चुरडून वास घ्या. न चुरडता जवळजवळ वास येत नाही. बोटांत दाबलं की आधी भाजलेल्या दाण्यांसारखा खमंग वास येतो आणि मागून मोहरीचा ठसका. मोहरी फेसल्यावर जे घडतं तेच इथे घडतं. पेशी फुटल्या की त्यांतली ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं मायरोसिनेज या विकराच्या संपर्कात येतात आणि झोंबणारी द्रव्यं तयार होतात. अख्खं पान सौम्य लागतं आणि चावल्यावर तिखटपणा चढतो तो यामुळे. कापणं, शिजवणं, वाटणं याबद्दल पुढे जे सांगणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

फुलं आली असतील तर शंका उरतच नाही. चार पाकळ्या, पांढरट ते फिकट पिवळ्या, आणि त्यांवर जांभळ्या-तपकिरी शिरांची स्पष्ट जाळी.

पायरी 3: विकत घेताना

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, पुण्यात मार्केट यार्ड अशा ठिकाणी परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर ‘अरुगुला’ किंवा ‘रॉकेट लीफ’ विचारा. ‘तारामिरा’ म्हटलं तर इथले बहुतेक विक्रेते गोंधळतील. आखातात जुडी मिळते, मुळांसकट सुद्धा, आणि पिशवीतल्या पाल्यापेक्षा ती जास्त टिकते.

पानं हिरवीगार, ताठ हवीत. पिवळी कड, काळे ओले डाग किंवा डब्याच्या तळाशी पाणी दिसलं तर ठेवून द्या. बोटभर लांबीची पानं सॅलडला उत्तम. वीतभर लांब, जाड देठाची पानं तिखट असतात, ती चटणीला किंवा वरणाला घ्या. जुडीत फुलाचा दांडा दिसला तर पानं कडवट निघणार हे धरून चाला.

पायरी 4: घरी लावा

खरं तर सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. हा पाला कापल्यावर झपाट्याने मलूल होतो आणि दुकानात पोहोचेपर्यंत त्याची निम्मी मजा गेलेली असते. शिवाय त्याच्याइतकी झटपट येणारी पालेभाजी शोधून सापडायची नाही.

*हंगाम.* उन्हाळा आणि लांबत जाणारे दिवस, या दोन्हींनी हे झाड फुलोऱ्यावर जातं. एकदा मधून दांडा निघाला की पानं लहान, राठ आणि कडू होतात. म्हणून महाराष्ट्रात पेरणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस उघडून रात्री गार व्हायला लागल्या की सुरू करा आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत दर 15-20 दिवसांनी थोडी थोडी करत राहा. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, विदर्भ या भागांत थंडी पुरेशी असते. मुंबई-कोकणात डिसेंबर-जानेवारी हाच खरा काळ, आणि दुपारी सावली लागेल. गोव्यातही तसंच. आखातात ऑक्टोबर ते मार्च. ब्रिटनमध्ये मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, मधल्या उन्हाळ्यात अर्धी सावली देऊन. अमेरिकेच्या ईशान्य भागात वसंतात एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा.

*भांडं आणि माती.* मुळं उथळ असल्यामुळे खोल कुंडीची गरज नाही, 15 ते 20 सेंटिमीटर पुरे. रुंदी महत्त्वाची. लांबट ट्रे, जुना टब, थर्माकोलचं खोकं, काहीही चालतं, मात्र तळाला भोकं हवीत. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. ‘पूर्ण कुजलेलं’ हा शब्द मनावर घ्या. हा पाला कच्चा खायचा आहे, ताजं शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत त्याच्या वाफ्यात अजिबात नको. कोबी, मुळा किंवा मोहरी नुकतीच काढलेली माती लगेच वापरू नका, त्यांचे रोग आणि किडी एकच आहेत.

*बी.* दोन मार्ग. सॅलडसाठी निवडलेल्या वाणांचं पाकीट घ्या, त्याची पानं रुंद आणि मऊ येतात. किंवा तारामिऱ्याचं बी घ्या. ते खूप स्वस्त पडतं आणि पाला खाण्याजोगाच असतो, फक्त हे वाण तेलासाठी निवडत आलेलं असल्यामुळे पानापेक्षा फुलोऱ्याकडे त्याचा ओढा जास्त. ते कोवळंच कापायचं. एक सावधगिरी: शेतीसाठी विकलेल्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असू शकतं, बहुधा ते रंगीत दिसतं. असं बी मायक्रोग्रीनसाठी, म्हणजे नुकती उगवलेली रोपंच कापून खाण्यासाठी, कधीही वापरू नका.

बी कोरड्या थंड जागी तीन-चार वर्षं चांगलं उगवतं. 2015-16 मध्ये रॉकेटचं 2 किलो बी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सुमारे सहा महिने ठेवून परत आणलं होतं आणि ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी ते वर्गात पेरून साध्या बियांशी ताडून पाहिलं. तेही उगवलं.

*पेरणी.* बी भिजवू नका. ओलं झालं की ते बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतं आणि मग एका जागी गठ्ठा पडतो. बोटाने अर्धा ते एक सेंटिमीटर खोल रेघ ओढा, दोन रेघांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवा, बी विरळ सोडा, माती हलकेच ओढून घ्या आणि झारीने किंवा फवाऱ्याने पाणी द्या. तीन ते सहा दिवसांत बदामाच्या आकाराची जोडपानं वर येतात.

*विरळणी.* हीच पायरी लोक जीवावर येतं म्हणून टाळतात आणि मग दाटीत रोपं लांबुडकी होऊन कोलमडतात. जोडपानांनंतरची दोन खरी पानं आली की कोवळ्या पाल्यासाठी दर 5 सेंटिमीटरवर एक, मोठ्या पानांसाठी दर 12-15 सेंटिमीटरवर एक रोप ठेवा. उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापा म्हणजे शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत. कापलेली रोपं धुऊन त्याच दिवशी कोशिंबिरीत घाला.

*पाणी, ऊन, खत.* माती सतत ओलसर हवी, चिखल नको. पाण्याचा ताण बसला की तिखटपणा वाढतो आणि दांडा लवकर निघतो. पाणी सकाळी, बुंध्याशी. हिवाळ्यात चार-पाच तास ऊन पुरतं. फेब्रुवारीपासून पुढे 50 टक्क्यांची शेडनेट लावली तर आणखी काही दिवस मिळतात, पण मार्चनंतर ओढून ताणून हे पीक करू नये असं माझं मत आहे. युरिया देऊ नका. त्याने पानं लुसलुशीत दिसतात, पण मावा येतो आणि मुळातच नायट्रेट साठवणाऱ्या या पाल्यात ते आणखी वाढतं.

*कीड.* पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर ते पिसू भुंगेरे. हात लावला की टुणकन उडतात. यावर खात्रीचा उपाय एकच: पेरल्या दिवसापासून मच्छरदाणीची जाळी, कडा मातीत दाबून. कोबीवर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि त्याच्या हिरव्या अळ्यांनाही तीच जाळी रोखते. मावा आला तर पानं खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, तरी राहिला तर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा आणि काही दिवस थांबूनच पानं खुडा. कच्च्या खायच्या पाल्यावर रासायनिक कीटकनाशक मारायचा विचारही करू नका. एवढ्याशा पिकासाठी वाफा मोडून नवा पेरणं केव्हाही बरं.

*काढणी.* 25 ते 30 दिवसांत पानं बोटभर होतात. बाहेरची पानं खुडत राहा किंवा मधला कोंब वाचवून जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर सगळा झुपका कापा. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पानं येतात. दोन, फार तर तीन कापण्या मिळतात आणि प्रत्येक कापणीगणिक पाला अधिक झणझणीत होतो. कापायला सकाळची वेळ निवडा, पानं तेव्हा ताठ असतात.

पायरी 5: धुणं आणि ठेवणं

मोठ्या पातेल्यात गार पाणी भरून पानं त्यात हलवा. माती तळाला बसली की पानं वर उचलून घ्या, पातेलं उपडं करू नका, नाहीतर तीच माती पुन्हा पानांवर येते. दोन-तीनदा पाणी बदला, शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. मिठाच्या पाण्याने किडे सुटतात, जंतू जातातच असं नाही. म्हणून पावसाळ्यात बाहेरचा कच्चा पाला मी टाळायलाच सांगेन.

मग कोरडा करा, अगदी कोरडा. सुती पंचावर पसरून दुसऱ्या पंचाने टिपा. डब्यात कागदी रुमाल, त्यावर पाला, वर पुन्हा रुमाल. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो यांच्याजवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात.

पायरी 6: ताटात

उष्णतेने मायरोसिनेज निकामी होतं आणि ठसका जातो. त्यामुळे नियम सोपा: तिखटपणा हवा असेल तर गॅस बंद केल्यावर घाला, नको असेल तर शिजवा. इटलीतही पिझ्झा भट्टीतून बाहेर आल्यावरच त्यावर रुकोला पसरतात.

मराठी ताटात याची सगळ्यात नैसर्गिक जागा म्हणजे घोळाणा. कच्च्या मेथीचा घोळाणा ज्यांच्या घरी होतो त्यांना वेगळं शिकवायला नको. 100 ग्रॅम पानं, एक मध्यम कांदा बारीक चिरून, दोन मोठे चमचे दाण्याचं जाडसर कूट, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि दोन चहाचे चमचे कच्चं शेंगदाणा तेल. मिरची घालू नका, पानं पुरेशी झोंबतात. पानं हातानेच मोठी मोठी तोडा, आणि मीठ-लिंबू अगदी जेवायला वाढताना लावा. दहा मिनिटं आधी लावलं तर पाणी सुटून सगळं लिबलिबीत होतं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर हा घोळाणा खाल्ला की हा पाला विदेशी वाटायचा थांबतो.

तिखटपणाला गोड आणि स्निग्ध पदार्थ सांभाळून घेतात. नागपुरी संत्र्याच्या सोललेल्या फोडी, मूठभर भाजलेले अक्रोड किंवा दाणे, आणि वर तीन भाग तेलाला एक भाग लिंबाचा रस असं मिश्रण. माणशी 30-40 ग्रॅम पानं पुरतात. घट्ट दह्यातली कोशिंबीर मुलांना चालते, कारण दही झणका उतरवतं.

तुर्कस्तानात भाजलेल्या माशाबरोबर रोका आणि लिंबू हमखास असतं, आखातातही जर्जीर माशाबरोबर खातात. आपल्याकडे तळलेल्या सुरमईच्या तुकडीशेजारी नुसता कांदा ठेवण्याऐवजी कांद्याबरोबर मूठभर पानं आणि लिंबू ठेवून पाहा.

राठ झालेली पानं फुकट घालवू नका. 50 ग्रॅम पानं, 50 ग्रॅम हलके भाजलेले शेंगदाणे, दोन लसणीच्या पाकळ्या, चार मोठे चमचे तेल, मीठ, लिंबू यांची मिक्सरमध्ये थांबून थांबून जाडसर चटणी करा. सलग फिरवलं तर गरम होऊन रंग आणि वास उतरतो. पास्त्याला लावा किंवा भाकरीला. दक्षिण इटलीत पुलियाकडे पास्ता उकळतानाच रुकोला पाण्यात टाकतात, तशीच ती मूगडाळीच्या वरणातही छान लागते.

कोणी जपून खावं

100 ग्रॅम पानांत सुमारे 25 कॅलरी आणि 160 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पालकाच्या तुलनेत ऑक्झलेट कमी, ही मूतखड्याचा त्रास असलेल्यांच्या दृष्टीने जमेची बाजू. पण ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी एकदम जास्त सुरू करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं आणि मग प्रमाण रोज सारखं ठेवावं. तान्ह्या बाळाला नायट्रेटमुळे हा पाला देऊ नये.

पायरी 7: बी धरा

हंगामाच्या शेवटी दांडे निघणारच. ते सगळे कापू नका. फुलं खाण्याजोगी असतात, पानांपेक्षा सौम्य, आणि मधमाश्या त्यांवर गर्दी करतात. एकाच झाडावर बी फारसं धरत नाही, परागीकरणाला दुसरं झाड लागतं, म्हणून सहा-सात झाडं एकत्र फुलू द्या. जाळी या वेळी काढून टाका, नाहीतर माश्या आत जाणार कशा? शेंगा उभ्या, दांड्याला चिकटून येतात. त्या पिवळसर तपकिरी झाल्या, पण तडकायच्या आत, दांडे सकाळीच कापा, कापडी पिशवीत उलटे टांगा आणि आठवड्याने काठीने झोडपून पाखडून घ्या.

सॅलडचं वाण आणि तारामिरा दोन्ही लावले असतील तर त्यांतलं एकच फुलू द्या, दुसऱ्याचे दांडे वेळीच खुडा. जात एकच असल्यामुळे त्यांचा संकर होतो आणि पुढच्या वर्षी पानं कशी येतील सांगता येत नाही. मोहरी शेजारी फुलली तर मात्र काळजी नाही, तिच्याशी सहजी संकर होत नाही. बी दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत भरा आणि पुडीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा.